लाटण्याची तीन पेनं

हे मी ज्या पेनाने लिहितेय ते सकपाळ भाऊजींनी केलेलं आहे. दिसायला झकास. फिकट तपकिरी लाकूड, त्यातून तिरकी गेलेली एक पांढरी रेघ आणि वरून काचेसारखी चकाकी. माझी सून म्हणते, "आई, शोरूममधलं वाटतं हो." मी हो म्हणते. ज्याने केलं त्यालाच ते डोळ्यांसमोर नको झालं म्हणून माझ्याकडे आलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. आज लिहायला बसलेय तर सगळंच सांगते. मी सातवी शिकलेली बाई, माझं लिहिणं बोलण्यासारखंच होणार, ते चालवून घ्या.

लालबागला आमची चाळ होती. पहिल्या मजल्यावर आमची खोली आणि सकपाळांची खोली, भिंतीला भिंत. यशवंत सकपाळ, त्यांची बायको शांता आणि मुलगी प्रज्ञा. आम्ही मालवणकडचे, ते चिपळूणकडचे. आमच्याकडे गणपतीचे मोदक झाले की ताट तिकडे जायचं, त्यांच्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर झाली की पातेलं इकडे यायचं. शांता माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण जीभ माझ्यापेक्षा तिखट.

भाऊजी उंच, काटकुळे. अंगात बाह्या कापलेला शर्ट, भुवयांवर कायम लाकडाचा भुसा. एका डोळ्याने कमी दिसायचं. आणि उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. नवीन माणसाला वाटायचं, काय हा म्हाताऱ्याचा शौक! पण ते नख म्हणजे त्यांचं हत्यार होतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा सूत गुंडाळायला लाकडी बॉबीन लागायच्या. परळला त्या करणारा कारखाना होता, तिथे भाऊजी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या मशीनवर. बॉबीनवर केसाएवढं जरी कुसळ राहिलं तरी सूत त्यात अडकतं आणि तुटतं. म्हणून लेथवरून उतरलेली प्रत्येक बॉबीन डोळे मिटून नखाखालून घालायची. नख अडकलं की परत लेथवर.

कारखाना गेला, पण नख राहिलं. माणूस कुठेही गेला की नख फिरवायचा. बसस्टॉपच्या बाकड्यावर, माझ्या नव्या डब्याच्या झाकणावर, लग्नाच्या पत्रिकेवर. प्रज्ञाच्या लग्नात नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, तर हे सासरच्या मंडळींसमोर वाकून खुर्चीच्या हातावर नख फिरवतायत! व्याही घाबरले. "काय झालं हो?"

"काही नाही. जोड बघतोय."

"सोयरीक जुळली ना, आता कसला जोड बघताय?" शांता मागून म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

पेनांचं खूळ त्यांच्या डोक्यात प्रज्ञानेच घातलं. ती बदलापूरला शाळेत बाई. कारखाना सुटल्यावर भाऊजींनी टेबलांचे पाय, पाळण्याचे खांब असली कामं केली, मग तीही बंद झाली. हातांना काम नाही म्हटल्यावर माणूस घरात फिरत बसायचा आणि शांता करवादायची. प्रज्ञाने मोबाईलवर दाखवलं, बाबा, लोक घरच्या घरी लाकडाची पेनं करतात, बघा. झालं. जिन्याखालची खोली चाळीच्या कमिटीकडून मागून घेतली, एक छोटी लेथ आणली आणि सुरू.

त्याच सुमाराला आमच्या बाजूच्या चाळी एकेक करून पाडायला घेतल्या होत्या. लोक जाताना लाकडाचा एखादा तुकडा घेऊन यायचे. कुणी कठड्याचा, कुणी दाराच्या चौकटीचा. काका, याचं पेन करून द्या, आठवण राहील. पण त्या लाकडाला वाळवी लागलेली, भोकं पडलेली, चिरा गेलेल्या. ते नुसतं लेथवर लावलं तर भुगा होऊन उडेल. म्हणून भाऊजी त्या भोकांत, चिरांत रंगीत रेझिन, राळेसारखं पातळ रसायन, ओतायचे. ते दगडासारखं घट्ट झालं की मग त्याची कांडी कापायची आणि लेथवर घ्यायची. कुजलेल्या लाकडातून निळी-हिरवी नदी गेल्यासारखं दिसायचं.

खरी गंमत पुढे होती. भाऊजी मला समजावून सांगायचे, मी भाजी निवडत ऐकायची. लाकूड मऊ, रेझिन कडक. दोघांवर एकच पॉलिशपेपर फिरवला की लाकूड जास्त झिजतं, रेझिन तसंच राहतं. मग जोडावर पायरी पडते. डोळ्याला दिसत नाही, पण नख अडकतं. शिवाय लाकडाची काळी धूळ रेझिनमध्ये जाऊन बसते आणि ते मळकट होतं. म्हणून हलक्या हाताने घासायचं, दर वेळी पुसायचं, परत घासायचं. शेवटी पाण्यासारखा पातळ गोंद, तो पटकन चिकटणारा, त्याचे बारा हात मारायचे. एक हात, जरा थांबायचं, दुसरा हात. मग लाकूड आणि रेझिन दोघांवर एकच काच चढल्यासारखी होते.

"दोघांना एकाच पेपरने घासायचं वैनी, पण कुणाला जास्त लागता कामा नये."

"मग मला बरं चाळीस वर्षं घासलंत, एकदाही न पुसता!" शांता आतून ओरडली.

पेन झालं की ते माझ्या दारात यायचे. "वैनी, बोट द्या." स्वतःचं नख झालं की दुसऱ्या कुणाचं तरी नख फिरवून घ्यायचं, हा त्यांचा नियम. प्रज्ञा लहान असताना तीच भाऊजींनी घरी आणलेल्या बॉबीनवर नख फिरवायची. लग्न होऊन ती गेली, मग पाळी माझ्यावर आली. एकदा मी माशाला हळद लावत होते आणि बोलण्याच्या नादात तसाच हात पेनावर फिरवला. दुधासारख्या पांढऱ्या रेझिनवर पिवळाधमक पट्टा! अजून वरचे गोंदाचे हात मारायचे होते, हळद आत शिरली. भाऊजींनी पेन उजेडात धरून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "बांगडा आहे काय?" म्हटलं, हो. "मग दोन तुकडे पाठवा आमच्याकडे. नुकसानभरपाई."

एकदा गिरगावचे एक गृहस्थ आले. आजोबांच्या देव्हाऱ्याचं सागवान म्हणून कापडात गुंडाळून फळीचा तुकडा आणलेला. भाऊजींनी हातात घेतला, वास घेतला आणि परत कापडावर ठेवला. मी तिथेच होते. शांता चहा घेऊन आली, तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "सागवान कसलं हो, सफरचंदाच्या पेटीची फळी ही!"

त्या माणसाचं तोंड असं उतरलं की बघवेना. भाऊजी चटकन म्हणाले, "तिला काय कळतंय. सागाची एक हलकी जात असते, कोकणात व्हायची पूर्वी. आता मिळत नाही." माणूस खूष होऊन गेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भाऊजींनी लेथ लावलीच नाही. शांता म्हणाली, "काय झालं यांना?" मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लाकडाबद्दल खोटं बोललो वैनी. आयुष्यात पहिल्यांदा." मी हसले. एवढ्याशा खोट्याचं काय ते! तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की हा माणूस पुढे दोन वर्षं एक खोटं गळ्यात अडकवून जगणार आहे.

आता लाटण्याचं सांगते.

जिन्याखालची ती खोली बरोबर सकपाळांच्या स्वयंपाकघराच्या खाली होती. आमची चाळ जुनी, मधे फळ्यांची जमीन. शांता वरून लाटण्याने ठोकायची. दोनदा वाजलं की चहा. तीनदा वाजलं की जेवण. माणूस आला असेल तर भराभर चार-पाचदा. "मोबाईल घेतलाय ना, फोन कर की," मी म्हणायची. ती म्हणायची, "फोन उचलत नाही मेला. लाटणं ऐकतो." आणि खरंच, ते ठोकलं की लगेच जिन्यावर पावलं वाजायची.

बारीकसंच लाटणं होतं ते, शिसवीचं, तिच्या आईने दिलेलं. तेला-तुपाने काळं झालेलं. मधे एक चीर गेली होती, तिच्यात पीठ अडकून पांढरी रेघ दिसायची. कितीही धुतलं तरी ती रेघ जायची नाही. भाऊजी दहा वेळा म्हणाले, दे, चीर भरून देतो. ती देत नसे. "तुमच्या हातात दिलं तर त्याचं पेन होऊन येईल."

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. मी गल्लीतल्या डंकावर मसाला कुटायला गेले होते. वर्षाचा मसाला, रांग लांब. गरम मसाल्याचा डबा पदराने धरून परत आले तर जिन्यातच भाऊजींचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. वर धावले. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी, तव्यावरची जळून काळी झालेली, आणि शांता ओट्याखाली बसल्या बसल्या कलंडलेली. हातात लाटणं. भाऊजी तिच्या तोंडावर पाणी मारत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गोंदाने एकमेकांना चिकटलेली होती, तशाच त्या हाताने. डॉक्टर आला आणि म्हणाला, अर्धा तास तरी झाला असेल.

त्या चिकटलेल्या बोटांकडे मी बघितलं होतं. ओला गोंद होता. गोंदाचे हात मारताना लेथ अगदी हळू फिरवतात. तेव्हा तिचा आवाज पंख्याएवढाही नसतो, हे मला माहीत होतं. शंभर वेळा मी तिथे बसलेली. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काही आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की मी घरात असते तर भिंतीपलीकडून मला ऐकू आलं असतं.

प्रज्ञा आली. आईला कधीची बदलापूरला न्यायची म्हणत होती ती. तिथे लिफ्ट होती, दवाखाना समोर होता. भाऊजी लेथ सोडून जायला तयार नव्हते आणि शांता त्यांना सोडून. हा राग तिच्या पोटात आधीपासून होता. शांताच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वंदना म्हणून भन्ते गेले, माणसं पांगली, आणि मग ती बापासमोर उभी राहिली. मोठ्याने नाही बोलली.

"आई ठोकत असणार, बाबा. तिच्या हातात लाटणं होतं. तुमच्या लेथच्या आवाजात तुम्हाला ऐकू आलं नाही."

भाऊजींनी तोंड उघडलं. मिटलं. एवढंच.

ती गेली ती गेली. बापाला फोन नाही, घरी येणं नाही. मला मात्र महिन्यातून एकदा फोन यायचा. "काकी, बाबा जेवतात ना?" मी सांगायची, जेवतात. मग मी माझं सुरू करायची, "गे बाय, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? त्यांचा काय दोष?" ती म्हणायची, "ठेवते काकी." दोन वर्षं मी तेच ते बोलत होते, आणि भिंतीपलीकडे भाऊजींना ते ऐकू जात होतं. मला वाटायचं, मी त्यांची बाजू घेतेय.

मग आमचीही चाळ पाडायची ठरली. कागदपत्रं आली. सकपाळांची खोली शांताच्या नावावर होती, तिच्या आईकडून आलेली. म्हणजे आता नवरा आणि मुलगी दोघांच्या सह्या पाहिजेत. प्रज्ञाला यावंच लागणार होतं. तारीख मिळाली, शनिवारची. मधे तीन आठवडे.

भाऊजी माझ्या दारात आले. हातात लाटणं. "वैनी, याचं पेन करतो. सही करायला आली की तिच्या हातात देतो. घेतलं तर बोलेल. नाही बोलली तर..." चाळ गेली की सह्या संपल्या, तिला यायचं कारणच संपलं. हे मला न सांगता कळलं.

लाटण्याची चीर वाढली होती. कांडी कापता येतील असे तीनच तुकडे निघत होते. तीन पेनं, म्हणजे तीनच संधी. चिरेत कुठला रंग भरणार म्हणून मी विचारलं. "पांढरा. पिठाचा." काळ्या शिसवीत पांढरं रेझिन म्हणजे सगळ्यात अवघड, काळी धूळ लगेच बसते. पण ते ऐकणार नव्हते.

पहिलं पेन आठवड्याने झालं. झालं म्हणजे बिघडलं. गोंदाचे बारा हात मारून, पॉलिश करून त्यांनी ते खिडकीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रेघेच्या कडेने पांढरट ढग धरले. नख लावलं तर वरची काच पापुद्र्यासारखी उचलून आली. भाऊजींच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. बराच वेळ त्यांना समजेना. मग वास घेतला आणि मट्कन खाली बसले.

"तेल आहे वैनी. चाळीस वर्षांचं तेल आत मुरलंय. त्याच्यावर काही धरत नाही. बॉबीनवाल्याला एवढं कळू नये!"

कसं कळणार? आयुष्यभर कोरं लाकूड हाताळलेलं, नाहीतर चाळीचं वाळलेलं. स्वयंपाकघरातलं लाकूड त्यांच्या लेथवर कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या तुकड्यावर त्यांनी स्पिरिट घेतलं. कापसाने पुसायचं, वाळवायचं, परत पुसायचं. कापूस तपकिरी होऊन यायचा. चार दिवस हेच. मी जाता-येता बघायची, खाली पत्र्याच्या डब्यात तपकिरी बोळ्यांचा ढीग. मग रेझिन, मग लेथ, मग पेपर, मग गोंद. सह्यांना पाच दिवस राहिले असताना दुपारी ते वर आले.

"वैनी, बोट द्या. हात धुऊन."

मी हात धुतले, पुसले, डोळे मिटून नख फिरवलं. एकदा, दोनदा. कुठे काही नाही. काचेवरून पाणी गेल्यासारखं. रेघ पांढरीशुभ्र. मला एवढा आनंद झाला! "झालं की भाऊजी! असं तुम्ही जन्मात केलं नाहीत!"

"वास घ्या."

घेतला. काही नाही. थोडासा स्पिरिटचा.

"रंग बघा. हा तिच्या लाटण्याचा रंग आहे? सगळं पुसलं मी. तूप, तेल, तिचा हात, सगळं. हे आता कुणाचंही लाकूड आहे. सफरचंदाच्या पेटीचं पण असेल."

आणि ते माझ्या उंबऱ्यावर बसले. मला पाणी आणायचं सुचलं नाही. ते समोर कठड्याकडे बघत बोलत होते.

"ऐकू आलं होतं वैनी."

"काय?"

"लाटणं. लेथ हळू चालू होती, गोंद लावत होतो. आठवा हात झालेला. दोनदा वाजलं. म्हटलं चहा. मधे सोडलं की धूळ बसते, परत सगळं घासून पहिल्यापासून. चार हात राहिलेत, मारून जातो म्हटलं. चार हात म्हणजे वीस मिनिटं. दहाव्या हाताला परत वाजलं. एकदाच. हळू. एकदा वाजलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. एकदाचा अर्थ आमच्यात ठरलेलाच नव्हता. मी वर बघितलं. आणि अकरावा हात मारला."

गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाळत होते, त्यांचं पाणी टपटपत होतं. मला त्या माणसाचा राग आला. खरं सांगते, त्या घडीला मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. शांता माझीही होती. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी भांडत होते, आणि हे भिंतीपलीकडे बसून ऐकत होते!

"प्रज्ञाला ठाऊक आहे?"

"नाही. ती म्हणाली ऐकू आलं नाही, मी तेच धरून बसलो. सोपं होतं."

मग मी जे बोलले ते मला आज बोलवणार नाही, पण बोलले. "मग सांगू नका. आधीच तोडून बसलीय. हे कळलं तर मेलात तरी यायची नाही. हे पेन द्या, चांगलं झालंय, गप्प राहा."

ते उठले. पेन माझ्या हातात ठेवलं. "हे तुम्हाला ठेवा. वरून काच आणि आत काही नाही, असलं तिला कसं देऊ?"

तिसरा तुकडा म्हणजे लाटण्याचं टोक. तिचा तळवा जिथे बसायचा तो भाग, झिजून गुळगुळीत झालेला, काळाकुट्ट. पुढचे पाच दिवस खालून लेथचा आवाज फार कमी आला. मी खाली गेले नाही. जेवणाचं ताट मुलाकडून पाठवत होते. राग होता, आणि भीतीही होती.

शनिवारी गणपती मंडळाच्या खोलीत टेबलं मांडली होती. बिल्डरचा माणूस कागद पुढे सरकवत होता, एकेक घर येऊन सही करत होतं. भाऊजींनी सकाळीच सही करून टाकली होती आणि परत जिन्याखाली जाऊन बसले होते. साडेअकराला प्रज्ञा आली. बारीक झाली होती, केस पांढरे दिसत होते. मला बघून हसली, पण डोळे दाराकडे. पर्समधून बॉलपेन काढलं आणि उभ्याउभ्या सह्या करायला लागली. मी धावत खाली गेले.

"भाऊजी, आलीय ती! सह्या करतेय!"

ते मुठीत पेन धरून स्टुलावर बसले होते. "पाय उचलत नाहीत वैनी."

"उचला," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. दंडाला धरून उठवलं.

आम्ही पोचलो तेव्हा ती बॉलपेनला टोपण लावत होती.

"सही झाली?" भाऊजींनी विचारलं.

"झाली. सहा ठिकाणी."

त्यांनी मूठ उघडली. "आईच्या लाटण्याचं आहे."

तिने हात पुढे केला नाही. त्या पेनाकडे नुसती बघत राहिली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "अरे वा, काका, हँडमेड?" मी मनात म्हणत होते, गप्प राहा, आता गप्प राहा, घेईल ती.

"प्रज्ञा, लेथचा आवाज नव्हता," भाऊजी म्हणाले. सगळ्यांसमोर. "मला ऐकू आलं होतं. दोनदा वाजलं. मग एकदा वाजलं. चार हात राहिले होते. ते मारले आणि मग वर गेलो."

खोलीतली माणसं कागदांत बघायला लागली. प्रज्ञाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. लहानपणी पडली की रडण्याआधी ती अशी थांबायची, श्वास आत घेऊन, तसं काहीतरी. पण रडली नाही.

"एकदाच?" तिने विचारलं.

"एकदाच."

मग तिने पेन उचललं. आणि डोळे मिटले. चाळिशीला टेकलेली बाई, शाळेतली बाई, पण हाताला सवय सात-आठ वर्षांच्या वयातली. अंगठ्याचं नख लाकडावरून हळू सरकवत रेघेपर्यंत आणलं. ते तिथे थांबलं. परत मागे नेलं, परत आणलं. परत थांबलं.

"नख अडकतंय, बाबा."

"हो," भाऊजी म्हणाले. "लाकडाला पेपर लावला नाही मी. वरून काही मारलंही नाही. अडकणारच."

तिने पेन पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. मी म्हटलं, "जेवून जा गे बाय, कोंबडी-वडे केलेत." ती म्हणाली, "शाळा आहे काकी." शनिवारची शाळा तोवर कधीच सुटलेली असणार. ती पायऱ्या उतरून गेटातून बाहेर गेली, मागे वळली नाही. भाऊजी गेटापर्यंत गेले नाहीत. टेबलाच्या कडेवर नख फिरवत उभे राहिले.

पंधरा दिवसांत चाळ रिकामी झाली. आम्हाला प्रभादेवीला भाड्याची जागा मिळाली, त्यांना शीव कोळीवाड्याला एक खोली, तीही तिसऱ्या मजल्यावर, लेथ लावायची सोय नाही. लेथ कुर्ल्याचा एक माणूस येऊन घेऊन गेला. मी एकदा विचारलं, प्रज्ञाचा फोन? म्हणाले, "घेतलं ना तिने. वाटेत फेकलंही असेल. पण घेतलं." पुढे चार महिन्यांनी ते गेले, तो निरोप मला प्रज्ञाकडूनच आला. ती त्याआधी कधी तिकडे गेली होती का, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार उरला नव्हता, मीच गप्प राहा म्हणणारी.

पण मला ते दिसतात ते चाळीतल्या शेवटच्या दिवशीचे. आमचा टेम्पो यायचा होता. सामान बांधून झालं होतं, शेगडी तेवढी ठेवलेली. म्हटलं, शेवटचा चहा करू, भाऊजींनाही देऊ. त्यांची खोली उघडी, रिकामी, म्हणजे ते खालीच असणार. चहा उकळला आणि माझ्या नकळत मी गोणीतून माझं लाटणं ओढून काढलं, सकपाळांच्या स्वयंपाकघरात गेले, वाकले. दोनदा ठोकायचं, झालं. तिथल्या फळीवर शांताने ठोकून ठोकून खळगा पाडला होता. माझा हात वर गेला आणि तसाच राहिला.

लाटणं खाली ठेवलं. दोन कप घेतले आणि जिना उतरले.

जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं. आत काही नव्हतं, जमिनीवर लेथच्या चार पायांचे चार डाग आणि कोपऱ्यात भुसा. भाऊजी मधोमध उभे होते. मान वर करून छताच्या फळ्यांकडे बघत होते. वरून माझी पावलं ऐकू आली असणार त्यांना, मी तिथे वाकले तेही ऐकू आलं असणार. मी दारात आले तरी त्यांनी मान खाली केली नाही. चहा निवेपर्यंत मी कप धरून उभी होते, आणि ते वर बघत होते.